बाईंनी सांगितलेल्या रखमाबाई

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने शाळेतली एक आठवण लिहून द्यावी, असा निरोप आला. माझी आठवण आठवीच्या वर्गातली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या बाकावरची मैत्रीण शाळेत आलीच नाही. तिचे लग्न ठरले होते. मराठीच्या बाईंनी त्या दिवशी धडा मिटून ठेवला आणि आम्हाला डॉक्टर रखमाबाईंची हकिकत सांगितली. पुढे मी डॉक्टर झाले, तालुक्याच्या गावी बाळंतपणे करू लागले. वाचनात जे आले त्याची भर घालून तीच हकिकत इथे लिहिते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजीशी लावून दिले, पण त्या माहेरीच राहिल्या आणि घरी बसून वाचत, शिकत राहिल्या. १८८४ मध्ये बायको नांदायला यावी म्हणून दादाजींनी कोर्टात दावा लावला. न कळत्या वयात लावलेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, अशी रखमाबाईंची भूमिका होती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला, पण अपिलानंतर चित्र पालटले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

त्याच्या सहाच दिवस आधी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाईंना इथे डॉक्टरकी सुरू करता आली नव्हती.

शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई सुटल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या डॉ. एडिथ पीची यांनी पाठबळ दिले. १८८९ मध्ये त्या लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या.

परत आल्यावर त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची जबाबदारी घेतली. इमारत होती, औषधे होती, बाई डॉक्टरही होती. तरी बायका येईनात. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून, हीच रीत. दवाखान्यात गेलेली बाई परत येत नाही, अशी भीती. असे सांगतात, की रखमाबाईंनी एक गाभण शेळी आणून दवाखान्यातच तिची सुटका केली. शेळी आणि पिल्ले सुखरूप पाहून बायकांचा धीर चेपला. बाईंनी हे सांगितले तेव्हा आम्ही हसलो होतो. आज वाटते, रुग्ण येत नाही म्हणून त्यालाच अडाणी ठरवणे सोपे असते. त्याची भीती ओळखून ती घालवणे हा उपचाराचाच भाग आहे. सुरतेत त्या १९१७ पर्यंत होत्या. त्यानंतर राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात निवृत्त होईपर्यंत त्यांनी काम केले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडून, त्या गेल्या.

आता माझ्या बाकावरच्या मैत्रिणीकडे येते. लग्नानंतर पाच वर्षांनी, मी वैद्यकीय शिक्षण घेत असताना, तिचे पहिले मूल गेले. कळा सुरू होऊन दीड दिवस झाला तरी दवाखान्यात न्यायचे की नाही, हे घरातली मोठी माणसे ठरवत होती. दवाखाना आठ किलोमीटरवर होता, पण खरे अंतर घराच्या उंबरठ्याचेच होते. कोर्टातल्या रखमाबाई आणि सुरतेच्या रखमाबाई मला तेव्हा एकच वाटल्या. स्वतःच्या देहाबद्दल बाईला स्वतः बोलता आले, तरच ती दवाखान्याची पायरी चढते.

बऱ्याच वर्षांनी तीच मैत्रीण सुनेला घेऊन माझ्याकडे आली. तिसरा महिना लागला होता. सुनेला काय विचारायचे ते तिलाच विचार, असे मला बजावून ती स्वतः बाहेर बाकड्यावर जाऊन बसली.

मेळाव्याची यादी दहावीच्या हजेरीपटावरून केली आहे, त्यामुळे तिचे नाव त्यात नव्हते. मी संयोजकांना सांगून ते घालून घेतले आहे. ती येणार आहे. बाईंनाही येता आले, तर त्या दिवशीचा धडा कुणाकुणापर्यंत पोचला, ते त्यांना प्रत्यक्षच दाखवता येईल.

(एक माजी विद्यार्थिनी)