विश्लेषण : मनोरुग्णालयाला कुलूप लावणारा डॉक्टर… फ्रांको बझालिया यांचा त्रिएस्ते प्रयोग काय होता?

इटलीच्या संसदेने 13 मे 1978 रोजी एक कायदा मंजूर केला आणि देशातील सरकारी मनोरुग्णालयांत नवे रुग्ण दाखल करण्यास बंदी घातली. एखाद्या देशाने असे पाऊल उचलण्याची ही पहिलीच वेळ. हा कायदा आजही ‘बझालिया कायदा’ म्हणून ओळखला जातो. गंमत अशी की, त्याचा मसुदा मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बझालिया यांनी लिहिलेला नव्हता आणि तो त्यांना पूर्णपणे मान्यही नव्हता. त्यांचे खरे काम कायद्याच्या आधीचे, तेही त्रिएस्ते नावाच्या एका बंदराच्या शहरातले.

तत्त्वज्ञानात रमलेला डॉक्टर

बझालिया यांचा जन्म 11 मार्च 1924 रोजी व्हेनिसच्या एका सुखवस्तू कुटुंबात झाला. पादुआ विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेत असताना फॅसिस्ट राजवटीला विरोध केल्याबद्दल 1944 मध्ये त्यांना अटक झाली आणि काही महिने तुरुंगात काढावे लागले. पुढे पादुआतच दशकभराहून अधिक काळ अध्यापन केले, पण हुसर्ल आणि सार्त्र वाचणारा हा मनोविकारतज्ज्ञ वरिष्ठांना फारसा रुचला नाही. प्राध्यापकपदाची आशा मावळली आणि 1961 मध्ये ते युगोस्लाव्हियाच्या सीमेला खेटून असलेल्या गोरित्सियाच्या मनोरुग्णालयात संचालक म्हणून रुजू झाले. विद्यापीठाच्या दृष्टीने ही अडगळीतली जागा होती.

गोरित्सियात काय घडले?

तिथे पाचशेहून अधिक रुग्ण होते. पलंगाला बांधलेले, कुलूपबंद वॉर्डांत ठेवलेले. आत शिरताच आलेल्या दुर्गंधीने त्यांना स्वतःच्या तुरुंगवासाची आठवण झाली. रात्री कोणाकोणाला बांधून ठेवले याची नोंदवही रोज सकाळी संचालकांच्या सहीसाठी येत असे. बझालिया यांनी सही करण्यास नकार दिला. एका सहीचाच प्रश्न, पण सहीशिवाय बांधण्याला अधिकृत आधार उरत नव्हता. हळूहळू गज आणि कुंपणे काढली गेली आणि रुग्ण, परिचारक व डॉक्टर यांची रोज एकत्र सभा भरू लागली.

त्या काळी 1904 चा कायदा लागू होता. स्वतःला किंवा इतरांना धोकादायक ठरलेल्या, किंवा चारचौघांत लाज आणणाऱ्या व्यक्तीला कोंडणे, हा त्याचा गाभा. दाखल झालेल्याची नोंद थेट गुन्हेगारी अभिलेखात होत असे. ही तरतूद 1968 मध्ये रद्द झाली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका दिवसाच्या सुट्टीवर घरी गेलेल्या रुग्णाने पत्नीचा खून केला. बझालिया यांच्यावर खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले, पण दारे उघडण्याची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न कायम त्यांच्या मागे राहिला. त्यांच्या विरोधकांनी तो विचारला यात काही चूक नव्हती. गोरित्सियाने एक मर्यादाही दाखवली होती. आतले वातावरण मोकळे झाले, तरी बाहेर घर नाही, काम नाही, उपचारांची सोय नाही, तर रुग्ण जाणार कुठे?

त्रिएस्ते वेगळे का ठरले?

इटलीत मनोरुग्णालये प्रांतिक प्रशासन चालवत असे. साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारखी ही संस्था. त्रिएस्ते प्रांताचे तरुण अध्यक्ष मिकेले झानेत्ती हे ख्रिश्चन डेमोक्रॅट, तर बझालिया डाव्या विचारांचे. तरीही झानेत्ती यांनीच त्यांना बोलावून घेतले आणि मोकळीक दिली. ऑगस्ट 1971 मध्ये बझालिया सान जोव्हान्नी मनोरुग्णालयात आले, तेव्हा तिथे सुमारे 1,200 रुग्ण होते.

उपचारांच्या नावाखाली रुग्णांकडून झाडलोट, धुणी-भांडी जवळपास फुकटात करून घेतली जात. ती थांबवून 1972 मध्ये रुग्णांची सहकारी संस्था उभी राहिली. तेच काम, पण करार आणि पगारासह. घरी परतणे शक्य नसलेल्यांना ‘पाहुणे’ असा दर्जा देऊन राहण्याची सोय केली गेली. धुण्याची गाडी ओढणारा मार्को नावाचा घोडा म्हातारा झाला, तेव्हा त्याला कत्तलखान्यात पाठवू नये म्हणून रुग्णांनी प्रांताकडे अर्ज केला आणि तो मान्यही झाला. फेब्रुवारी 1973 मध्ये लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा भलामोठा निळा घोडा घेऊन रुग्णांनी शहरातून मिरवणूक काढली. घोडा दारातून मावेना, तेव्हा दारच तोडावे लागले.

पण मिरवणुकीपेक्षा महत्त्वाचे काम शहराच्या वस्त्यांमध्ये चालले होते. 1975 पासून एकेका भागासाठी मानसिक आरोग्य केंद्र उघडले गेले. चोवीस तास उघडे, मोजक्याच खाटा, डॉक्टर व परिचारक रुग्णाच्या घरी जाणार, घरमालकाशी, मालकाशी, शेजाऱ्यांशी बोलणार. मनोरुग्णालयातलेच कर्मचारी या केंद्रांत गेले. ही पर्यायी व्यवस्था आकार घेऊ लागल्यावरच, जानेवारी 1977 मध्ये बझालिया यांनी सान जोव्हान्नी बंद करण्याची घोषणा केली.

कायदा घाईत का झाला?

1904 चा कायदा रद्द करण्यासाठी जून 1978 मध्ये सार्वमत होणार होते. ते टाळायचे तर त्याआधी नवा कायदा हवा होता. माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचा मृतदेह सापडून चारच दिवस झाले होते, देश सुन्न होता. मसुदा तयार केला होता खासदार आणि मनोविकारतज्ज्ञ ब्रूनो ओर्सिनी यांनी. सक्तीचे उपचार आता सामान्य रुग्णालयातील जास्तीत जास्त 15 खाटांच्या विभागातच होणार होते. त्यासाठी दोन डॉक्टरांचे मत, महापौरांचा आदेश आणि 48 तासांत न्यायाधीशांना कळवणे बंधनकारक झाले. मुदत सात दिवसांची, वाढवता येणारी.

वस्त्यांमधल्या केंद्रांसाठी स्वतंत्र निधी आणि ठरलेले वेळापत्रक मात्र कायद्यात नव्हते. ते प्रदेशांवर सोडले गेले. जिथे प्रशासनाने मन घातले तिथे केंद्रे उभी राहिली. इतरत्र कित्येक कुटुंबांवर सारा भार पडला आणि रोष ओढवला बझालिया यांच्या नावावर.

पुढे काय झाले?

1979 मध्ये बझालिया रोमला गेले. लाझिओ प्रदेशाच्या मानसिक आरोग्य सेवांची घडी बसवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली होती. काही महिन्यांतच मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले. 29 ऑगस्ट 1980 रोजी व्हेनिसमध्ये, वयाच्या 56 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी आणि अनेक पुस्तकांच्या सहलेखिका फ्रांका ओंगारो पुढे सिनेटर झाल्या आणि कायद्याच्या अंमलबजावणीसाठी वर्षानुवर्षे भांडत राहिल्या. इटलीतील उरलीसुरली मनोरुग्णालये बंद व्हायला नव्वदचे दशक संपत आले. सान जोव्हान्नीचा परिसर आज सार्वजनिक उद्यान आहे; तिथली गुलाबाची बाग पाहायला लोक आवर्जून जातात.