गुरांच्या डॉक्टराने दिलेले रबरी चाक

पेठ वडगावच्या परिसरात गळीत हंगाम सुरू झाला, की उसाने लादलेल्या बैलगाड्या रस्त्यावर दिसू लागतात. लोखंडी धावेची लाकडी चाके काढून तेथे मोटारीची रबरी चाके बसविलेल्या या गाडीला शेतकरी नुसते ‘डनलॉप’ म्हणतो. हे एका माणसाचे आडनाव असून तो गुरांचा डॉक्टर होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न येथे शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते आयर्लंडला गेले आणि बेलफास्टमध्ये त्यांनी चांगला जम बसविला. १८८७ मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलला दगडी रस्त्यावर बसणारे हादरे थांबविण्यासाठी त्यांनी घरीच खटपट सुरू केली. रबराची नळी लाकडी चकतीभोवती कापडाने बांधून तिच्यात फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. हे चाक आणि सायकलचे जुने चाक त्यांनी अंगणात ढकलून पाहिले. जुने मध्येच पडले. नवे पार टोकापर्यंत गेले. ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले.

खरी अडचण पुढे होती. हवेचा टायर भरीव रबरी पट्टीपेक्षा बराच रुंद असल्याने प्रचलित सायकलच्या चिमट्यात तो मावेना. तेव्हा बेलफास्टच्या कारागिरांकडून टायरला सामावणारी नवी सायकलच घडवून घेण्यात आली. मोटारीला रुंद टायर बसवू पाहणाऱ्या हौशी मालकापुढेही आज हाच पेच असतो. वळणावर किंवा खड्ड्यात टायर मडगार्डच्या कडेला घासतो. मग ती कडा आत दुमडावी लागते, नाहीतर मडगार्ड बाहेर फुगवून घ्यावे लागते. हे काम घाईने उरकले, तर पत्र्याला गंज चढतो आणि घासून टायर फुटण्याचा धोका उरतोच.

१८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम हा सायकलपटू हे जाडजूड टायर घेऊन उतरला, तेव्हा प्रेक्षकांत हशा पिकला. सायकलच्या चारही शर्यती त्यानेच जिंकल्या. त्याच वर्षी डब्लिनचे उद्योगपती हार्वे द्यू क्रो यांच्या पुढाकाराने कंपनी उभी राहिली.

यश मात्र डनलॉप यांच्या हाती फार काळ टिकले नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश संशोधकाने १८४५ मध्येच हवेच्या टायरचे पेटंट घेतल्याचे १८९० मध्ये उघड झाले आणि डनलॉप यांचा हक्क रद्दबातल ठरला. थॉमसन यांचा टायर घोडागाडीसाठी होता. सायकलींचा जमाना नसल्याने तो विस्मृतीत गेला होता. अन्य पेटंटे विकत घेऊन कंपनी तरली. डनलॉप १८९५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी तिची विक्री ३० लाख पौंडांना झाली. त्या घबाडाचा लाभ मूळ संशोधकाला झाला नाही.

उतारवयात त्यांना याच कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. जाहिरातींत त्यांची दाढीधारी मुद्रा एका छानछोकी गृहस्थाच्या अंगावर चिकटविली जात होती आणि साध्या राहणीच्या डनलॉप यांना ते अपमानास्पद वाटे. त्यांच्या आडनावावर तोवर कंपनीचीच मालकी झाली होती. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे त्यांचे निधन झाले.