तीन काडतुसं

ऑक्टोबर उजाडला की इथे कोलोरॅडोत ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर कोडबद्दल कोणी बोलत नाही. सगळी चर्चा एल्कची. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. चांगला नर तीनशे किलोच्या घरात जातो. कोणती रायफल, कोणतं कॅलिबर, कोणता स्कोप, यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात. गेल्या वर्षी मीही त्यात सापडलो. टीममधल्या एकाने बरोबर चल म्हणून आग्रह केला. मी शिकारीचा सक्तीचा कोर्स केला, परीक्षा पास झालो, कार्ड मिळालं आणि एका शनिवारी बंदुकांच्या दुकानात काउंटरपुढे जाऊन उभा राहिलो. त्याआधी माझ्या हातात दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल सोडलं तर काही आलं नव्हतं.

दुकानदार भला माणूस. पण जितकं मोठं तितकं बरं, असा त्याचा एकूण सूर. इथल्या कायद्याने एल्कसाठी किमान .24 इंचाची नळी, 85 ग्रेनची गोळी आणि 100 यार्डांवर 1000 फूट-पाउंड ऊर्जा लागते. काउंटरवर मात्र याच्या तिपटी-चौपटीपासूनच बोलणी सुरू होत होती. मी काहीच न घेता घरी आलो. बंदुकीच्या बाबतीत माझ्या ओळखीचा एकच माणूस होता, तोही शाळेच्या लायब्ररीतल्या पुस्तकांमधला: जिम कॉर्बेट. त्याची पुस्तकं पुन्हा काढली आणि सवयीप्रमाणे एक्सेलचं शीट उघडलं. कोणत्या शिकारीला कोणती बंदूक, किती अंतर, पुढे काय झालं. त्या शीटमधून जे आयुष्य दिसलं, ते लहानपणी वाचताना मला दिसलंच नव्हतं.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट 25 जुलै 1875 रोजी नैनितालला जन्मला. वडील तिथले पोस्टमास्तर. घर मुलाबाळांनी भरलेलं. जिम सहा वर्षांचाही नव्हता तेव्हा वडील गेले आणि घराचा भार आईवर आला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असं या कुटुंबाचं वर्ष. कालाढुंगीच्या जंगलात हा मुलगा माग काढायला, पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिकला.

त्याची पहिली बंदूक ठासणीची होती, दुनळी. पण उजवी नळी फुटलेली आणि दस्ता नळ्यांना पितळी तारेने बांधलेला. म्हणजे वापरायला नळी एकच आणि बारही एकच. ठासणीची बंदूक पुन्हा भरायची म्हणजे दारू, बोळा, छरे, सगळं पहिल्यापासून. नेम चुकला की पाखरू गेलं आणि जवळची तुटपुंजी दारूही गेली. त्यामुळे जनावराच्या जवळ जायचं आणि खात्री पटल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे वळण लहानपणीच पडलं. दहाव्या वर्षी तो नैनितालच्या स्वयंसेवक तुकडीत कॅडेट झाला आणि तिथून त्याला .450 ची मार्टिनी रायफल वापरायला मिळाली. ती जड, एका वेळी एकच काडतूस घेणारी, पोराच्या खांद्याला चांगलाच हिसका देणारी. तिच्यावर त्याने पहिला बिबट्या मारला.

पुढे पोटापाण्यासाठी रेल्वे. विशीच्या आत नोकरी धरली आणि मग बिहारमध्ये मोकामेह घाटावर गंगेकाठी वीसेक वर्षं मालाच्या चढ-उताराचं कंत्राट. ब्रॉडगेजच्या वाघिणीतला माल मीटरगेजच्या वाघिणीत हलवायचा, तोही माणसांच्या डोक्यावरून. शिकारी म्हणून आपण ज्याला ओळखतो तो माणूस आयुष्याची ऐन उमेद मालधक्क्यावर घालवत होता. शिकार रजेतली.

अशाच रजेत, 1907 मध्ये, त्याला चंपावतच्या वाघिणीमागे जावं लागलं. नेपाळात दोनशे आणि कुमाऊँत 236 अशी 436 माणसं तिच्या नावावर लागलेली. गावांची दारं दिवसासुद्धा बंद. तहसीलदाराने गावकरी गोळा केले, 298 माणसं डोंगराच्या माथ्यावर उभी राहिली आणि हाका सुरू झाला. कॉर्बेट खाली दरीच्या तोंडाशी. हातात .500 ची रायफल आणि बरोबर काडतुसं फक्त तीन. दोनपेक्षा जास्त बार काढायची वेळ येणार नाही, तिसरं अडीअडचणीला, असा हिशेब.

हा हिशेब पार चुकला. वाघीण बाहेर आली, तहसीलदाराच्या बंदुकीचे बार झाले, ती उलटी फिरली आणि कॉर्बेटचं पहिलं काडतूस घाईत वाया गेलं. ती पुन्हा बाहेर पडली तेव्हा दुसरी गोळी लागली, पण हवी त्यापेक्षा मागे. रायफलचा नेम समुद्रसपाटीच्या हिशेबाने लावलेला होता आणि इतक्या उंचीवर गोळी वर जात होती. तिसरी तीस यार्डांच्या आतून खांद्याच्या भागात बसली. तरी वाघीण उभीच आणि याच्याजवळ काडतूस नाही. तो धावत तहसीलदाराकडे गेला, त्याची छऱ्यांची बंदूक घेतली आणि परत आला. तेव्हा दिसलं की नळ्या आणि मागचा भाग यांच्यात बोटभर नाही तरी चांगली फट आहे. बार काढला तर बंदूक आपल्याच तोंडावर फुटायची. वीस फुटांवरून त्याने तो काढला. नेम धरला होता उघड्या जबड्यावर, गोळी लागली पंजाला. वाघीण मेली ती आधीच्या दोन जखमांनी.

नंतर तिचं तोंड उघडून पाहिलं. उजवीकडचा वरचा सुळा अर्धा मोडलेला आणि खालचा पार हाडापर्यंत गेलेला. कधीतरी कोणाच्या तरी गोळीने. त्या दुखण्यामुळे तिला नेहमीची शिकार धरता येईना आणि ती माणसांकडे वळली. चंपावतच्या गोष्टीत लहानपणी मला थरार दिसला होता. या खेपेला मी त्या दातापाशी थांबलो. कोणीतरी, कुठेतरी, एक बार काढला. गोळी लागली, पण मारण्याइतकी नाही. तो माणूस जखमी जनावराच्या मागे गेला नाही, किंवा गेला आणि परतला. त्याच्यापुरती शिकार फसली, विषय संपला. हिशेब मात्र 436 माणसांनी चुकता केला. वाघ नरभक्षक का होतात, याचं पहिलं कारण कॉर्बेटने पुढे आयुष्यभर हेच सांगितलं: निष्काळजीपणे केलेली आणि पाठपुरावा न केलेली जखम.

त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी त्याला एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, .275 ची. हे कॅलिबर म्हणजे माउझरचं 7 बाय 57 मिलिमीटरचं काडतूस. गोळीची जाडी खरं तर .284 इंच, पण इंग्रजांनी नळीच्या आतल्या उंचवट्यांमधलं अंतर मोजून नाव दिलं .275. वाघ-अस्वलांच्या मानाने ही रायफल तशी हलकी समजली जायची. साधारण 140 ग्रेनची गोळी, धक्का सोसण्याजोगा, वजन उचलण्याजोगं. याच काडतुसावर बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले. हत्तीच्या डोक्यात मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने अभ्यास केला होता आणि गोळी तिथेच जात होती.

कॉर्बेटची रिग्बीही तशीच कामाला आली. चौगढच्या वाघिणीने 64 बळी घेतले होते. 1930 च्या एप्रिलमध्ये एका ओढ्याच्या पात्रातून जाताना कॉर्बेटच्या डाव्या हातात एका पाखराची दोन अंडी होती. पक्ष्यांची अंडी जमवायचा त्याला नाद. खडकाला वळसा घातला आणि मान वळवून पाहिलं तर वाघीण आठ फुटांवर. त्याने रायफल एका हाताने, अगदी सावकाश, जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवली आणि चाप ओढला. अंडी फुटली नाहीत. जड दुनळी रायफल असती तर ती एका हाताने फिरली नसती, हे त्याने स्वतःच नोंदवलंय.

याचा अर्थ हलकी तीच चांगली, असा नाही. जेफरी कंपनीची .450/400 ची दुनळी त्याच्याकडे होतीच. 400 ग्रेनची गोळी आणि दुसरा बार लगेच तयार. 1938 मध्ये ठाकच्या वाघिणीला, आपल्या शेवटच्या नरभक्षकाला, त्याने हिनेच मारलं. वय 63. अंधारून येताना नर वाघासारखा आवाज काढून तिला बोलावलं, अवघडलेल्या जागेवरून दोन्ही बार काढले आणि त्या धक्क्याने स्वतःच खालच्या माणसांच्या अंगावर पडला.

माझ्या शीटमध्ये स्कोपचा रकाना मात्र रिकामाच राहिला. त्याचा बहुतेक नेम साध्या माशीवर. आठ फूट आणि तीस यार्डांवर दुर्बीण लावली तर तिच्यात फक्त केस दिसतील. त्याची अडचण अंधाराची होती. रुद्रप्रयागच्या बिबट्याने आठ वर्षांत सरकारी हिशेबाने 125 माणसं नेली. 1926 च्या मे महिन्यात गुलाबरायच्या आंब्यावर बसून कॉर्बेटने त्याला टिपला तो रायफलला बसवलेल्या बॅटरीच्या उजेडात, त्याच .275 ने.

आणि चुकलं की? तल्ला देसची वाघीण जखमी होऊन डोंगरापलीकडे गेली, तेव्हा कॉर्बेट स्वतः आजारी होता. दुसऱ्याच्या रायफलीचा बार कानाशी झाल्याने पडदा फाटला होता, कानात गळू, एक डोळा सुजून मिटलेला. तरी तो अनेक दिवस माग काढत राहिला आणि काम पुरं करूनच परतला. जखम आपण केली, तर ती निस्तरायची आपणच.

पुढे त्याच्या हातात कॅमेरा आला. तासन्‌तास बसून त्याने वाघांचं चित्रीकरण केलं. 1936 मध्ये भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे त्याचाही हात होता. 1957 पासून त्याला कॉर्बेटचं नाव आहे. 1947 च्या अखेरीस, बाहत्तरीत, तो बहीण मॅगीला घेऊन केनियाला गेला. छोटी हल्द्वानीची जमीन गावकऱ्यांना दिली, नैनितालचं घर विकलं आणि न्येरी गावातल्या एका हॉटेलच्या आवारातल्या कॉटेजमध्ये उरलेलं आयुष्य काढलं. भारतातल्या साध्या माणसांवरचं त्याचं पुस्तक तिथून, 1952 मध्ये आलं. देश सोडलेल्याला गाव जास्त दिसतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. 19 एप्रिल 1955 रोजी तो न्येरीतच गेला. ती रिग्बी आता लंडनला तिच्या कंपनीकडे परत आलीय.

मी पुन्हा दुकानात गेलो तेव्हा प्रश्न बदलला होता. सर्वांत मोठी कोणती, हे विचारायचं नव्हतं. माझ्याच्याने नेमकी कोणती चालवता येईल, हे विचारायचं होतं. मॅग्नमच्या धक्क्याला नवशिका डोळे मिटतो, चाप हिसडतो आणि गोळी पोटात जाते. मी 7 मिलिमीटर-08 घेतली, कॉर्बेटच्या काडतुसाची जवळची नातलग म्हणता येईल अशी. स्कोप साधा, तीन ते नऊ पटींचा. झाडीत तीनवर ठेवायचा, मोकळ्यावर वाढवायचा. डोळा आणि काच यांत पुरेसं अंतर राहील असा बसवून घेतला, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. नेम डेन्व्हरला लावला आणि शिकारीच्या उंचीवर जाऊन पुन्हा तपासला. समुद्रसपाटीचा धडा ध्यानात होता.

रेंजवर महिनाभर शनिवार घालवले. 150 यार्डांपर्यंत गोळ्या एका बशीत बसायच्या. 200 च्या पुढे बशीची परात व्हायची. म्हणून 150 ही माझी हद्द ठरवली. फोनवर आईला हे सगळं सांगितलं. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, त्याआधीही आमच्या घरात कोणी बंदूक धरली नव्हती. तिला अर्थातच आवडलं नाही. पण हद्दीचं ऐकल्यावर ती जरा गप्प झाली.

नोव्हेंबरात, तिसऱ्या सकाळी, बर्फाळ उतारावर एक नर आला. अंतर मोजायच्या यंत्रात आकडा आला 260. स्कोपमध्ये तो पुरता भरला होता, तोंडातली वाफसुद्धा दिसत होती. स्कोपने जनावर जवळ दिसतं, गोळी जवळ येत नाही. मी चाप ओढला नाही. तो दहा मिनिटं चरला आणि देवदारांत शिरला. सहकारी काही बोलला नाही, पण दिवसभर जरा नाराजच होता.

यंदा पुन्हा जायचंय. शनिवारच्या सरावात आता 180 यार्डांपर्यंत आलोय.