दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद : विद्वान घडविणारे दान

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर जैन श्रेष्ठींचे चरित्र लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली. तेव्हा माझ्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्यासमोर कापसाच्या व्यापारातून उदयास आलेले शेठ प्रेमचंद रायचंद यांचेच नाव प्रथम उभे राहिले. मुंबईचा राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्यांचे मला सर्वांत दूरदृष्टीचे वाटणारे दान मुंबईत नसून कलकत्त्यास आहे.

शेठजींचा जन्म १८३१ साली सुरतेत झाला. वडील रायचंद दीपचंद व्यापारासाठी मुंबईस आले आणि मुलाचे शिक्षण येथेच झाले. त्या काळी देशी दलालांमध्ये इंग्रजी जाणणारे विरळाच. प्रेमचंदांना ती भाषा अवगत असल्याने युरोपीय पेढ्यांशी त्यांचा थेट व्यवहार होऊ लागला. १८४९ च्या सुमारास दलालीत पाऊल ठेवणारा हा तरुण पुढे कापसाचा राजा म्हणून ओळखला गेला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. हाती आलेला पैसा बँका व समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये धावू लागला. या साऱ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंद होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईतील असंख्य घरांवर दिवाळखोरी ओढवली. बँक ऑफ बॉम्बेही सावरली नाही व १८६८ मध्ये तिचा कारभार आटोपता घ्यावा लागला. या अनर्थात शेठजींचाही वाटा होता, हे चरित्रकाराने लपवू नये. त्यांची स्वतःची दौलतही त्यात गेली. पुढे त्यांनी पुन्हा व्यापार उभा केला. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या शेअर दलालांच्या संस्थेच्या संस्थापकांत त्यांचे नाव घेतले जाते.

व्यापाऱ्याची मिळकत येते आणि जाते. भरभराटीच्या दिवसांत सत्कार्यास लावलेली रक्कम मात्र सट्ट्याच्या हाती लागत नाही. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. मातोश्री राजाबाईंचे नाव धारण करणारा हा २८० फुटी मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. दृष्टी गेलेल्या मातोश्रींना सूर्यास्तापूर्वी भोजन घेण्याची वेळ घंटानादावरून कळावी, हा त्यामागचा हेतू होता, असे सांगितले जाते.

आता कलकत्त्याच्या दानाविषयी. १८६६ साली शेठजींनी कलकत्ता विद्यापीठास २ लाख रुपये दिले. मुद्दल अबाधित ठेवून व्याजातून उत्तम पदवीधरांना शिष्यवृत्ती देण्याची व्यवस्था झाली. परीक्षा संपली आणि पोटापाण्याची चिंता सुरू झाली, या नाजूक वळणावर बुद्धिमान तरुणाला काही वर्षे निश्चिंतपणे अभ्यास करता यावा, हे तिचे मर्म होय. प्रेमचंद रायचंद स्कॉलर हे बिरुद विद्वान आपल्या नावापुढे अभिमानाने लावू लागले.

१८८६ साली ही शिष्यवृत्ती आशुतोष मुखर्जी यांना मिळाली. १९०६ मध्ये ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी पुढे तारकनाथ पालित यांच्यासारख्या दात्यांच्या देणग्यांतून अध्यापनाची पदे निर्माण केली आणि त्यांवर वयाने लहान पण गुणाने मोठी माणसे शोधून नेमली. सरकारी हिशेब खात्यात नोकरी करणारे चंद्रशेखर व्यंकट रामन वयाच्या २८ व्या वर्षी, १९१७ मध्ये, पालित प्राध्यापक झाले. सत्येंद्रनाथ बोस व मेघनाद साहा हे तर नुकतेच पदवी घेतलेले तरुण होते. १९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्रावरही या दानाचे ऋण आहे. १८९७ चे मानकरी जदुनाथ सरकार यांनी शिवछत्रपतींच्या काळावर ग्रंथ लिहिला. रियासतकार सरदेसाई यांच्याशी त्यांचा आयुष्यभर स्नेह राहिला. दुसरे मानकरी सुरेंद्रनाथ सेन यांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापन करीत मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेचा अभ्यास केला आणि सभासदाची बखर इंग्रजीत नेली. हे विद्वान शेठजींच्या धर्माचे, प्रांताचे वा भाषेचे नव्हते. दानाला अशी कुंपणे नसावीत, हे त्यांच्या कृतीतून दिसते.

३१ ऑगस्ट १९०६ रोजी शेठजींचे देहावसान झाले. ज्या वर्षी दाता गेला, त्याच वर्षी त्याच्या दानाचा लाभार्थी कुलगुरूपदी बसला, हा योग मनाला स्पर्शून जातो.

आहार, औषध, अभय आणि ज्ञान ही चार दाने आपल्याला लहानपणापासून शिकविली जातात. आपण वह्या-पुस्तके देतो, शालेय शुल्क भरतो. ते योग्यच आहे. परंतु माझ्या नात्यातील एका तरुणाने पीएच.डी. मिळविल्यानंतर काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकविले. मानधन अपुरे आणि तेही महिनोन्महिने विलंबाने. अखेर अध्यापन सोडून तो माझ्या दुकानात हिशेब पाहू लागला. दुकानास चांगला माणूस मिळाला खरा, पण एका महाविद्यालयाने चांगला शिक्षक गमावला. वही लिहिताना त्याच्याकडे पाहिले की मला हा व्यवहार तोट्याचाच वाटतो.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने एक लहानसा अक्षय निधी उभारावा, मुद्दलास हात न लावता दरवर्षी एका होतकरू तरुण अध्यापकास आधार द्यावा, अशी माझी विश्वस्तांना व समाजबांधवांना नम्र विनंती आहे. रक्कम २ लाखांची असो वा त्याहून कमी, शेठजींनी दाखविलेली वाट आपल्यासमोर आहे.

जय जिनेंद्र.