सातबारा हवाच, पण मातीही राखू : शेतकरी जोतीराव

मुकुंदवाडीत आम्ही ११ एप्रिलला जोतीरावांना अभिवादन करतो, तेव्हा मुलींची शाळा आठवते, सत्यशोधक समाज आठवतो. शेतकरी जोतीराव मात्र मागे राहतात. आमच्यातल्या कित्येकांची नाळ अजून गावाकडच्या रानाशी जोडलेली आहे. म्हणून यंदा त्यांची आठवण करू या.

१८२७ साली पुण्यात माळी कुटुंबात जन्मलेल्या जोतीरावांची शाळा मध्येच सुटली आणि ते वडिलांबरोबर मळ्यात राबले. पुढे शिक्षण पुन्हा सुरू झाले. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला. पोटासाठी ते बांधकामाचे ठेके घेत. खडकवासला धरणाच्या कामालाही त्यांनी साहित्य पुरवले. मांजरीला त्यांची स्वतःची शेती होती.

हा सगळा अनुभव १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये उतरला. सावकार, भटशाही आणि सरकारी अंमलदार शेतकऱ्याला कसे नागवतात, हे त्यात आहेच. पण जमिनीचा कस का गेला, हेही आहे. पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा आणि शेण पावसाबरोबर शेतात उतरे. मग जंगल खात्याने गायराने ताब्यात घेतली, गुरांची चराई गेली आणि खतही गेले. यावर जोतीरावांचा उपाय साधा होता. लष्करातले शिपाई आणि पोलीस रिकाम्या वेळी बांधबंदिस्तीला लावा. पावसाचे पाणी आधी शेतात मुरू द्या, मग ओढ्याला जाऊ द्या. तळ्यांतला गाळ काढा. गायराने गावांना परत करा.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. बाबासाहेबांनी त्यांना बुद्ध आणि कबीर यांच्या बरोबरीने गुरू मानले.

१९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. आजही मराठवाड्यात आपली माणसे गायरान कसतात आणि सातबाऱ्यासाठी झगडतात. ही जमीन बहुतेक ठिकाणी हलकी, उताराची. बांध नसेल तर चार जोरदार पावसांत वरची माती वाहून जाते. उद्या कागद हातात येईल आणि खाली मुरूम उरेल, असे व्हायला नको.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे : जयंतीच्या मिरवणुकीनंतर आणि पावसाळ्याआधी एक दिवस गावी जा. हक्काच्या अर्जाबरोबर बांधबंदिस्तीची मागणीही ग्रामसभेत मांडा, आणि बांधावर स्वतः कुदळ मारा.

जय जोती! जय भीम!