होडीमागचा माणूस : ओल एव्हिनरूड

ज्या घरातून पहिल्यांदाच कुणीतरी कॉलेजची पायरी चढते, त्या घरात एक मत हमखास ऐकू येते. जगातले मोठे शोध लावणारे कुठे कॉलेजात गेले होते, असे वडीलधारी माणसे विचारतात, आणि शाळा अर्धवट सोडून नाव कमावलेल्या दोन-चार माणसांचे दाखले देतात. अशा दाखल्यांत सहज बसेल असे एक नाव म्हणजे ओल एव्हिनरूड. छोट्या होडीच्या मागे अडकवायचे इंजिन, ज्याला आउटबोर्ड मोटर म्हणतात, ते घरोघर पोहोचवणारा हा माणूस. त्याची शाळा फार लवकर सुटली हे खरे. पण त्याचे चरित्र नीट वाचले म्हणजे त्यातून निघणारा अर्थ निराळाच आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

ओलचा जन्म 19 एप्रिल 1877 रोजी नॉर्वेमध्ये झाला. तो पाच वर्षांचा असताना त्याचे कुटुंब अमेरिकेत आले आणि विस्कॉन्सिन राज्यात केंब्रिज या गावाजवळ शेती करू लागले. घर मोठे, खाणारी तोंडे पुष्कळ आणि ओल भावंडांत थोरला. अशा घरातल्या थोरल्या मुलाच्या वाट्याला जे येते तेच त्याच्याही वाट्याला आले. प्राथमिक शाळेतली थोडी वर्षे संपली आणि त्याच्या हाती शेतीची अवजारे आली. पण शेताजवळ रिप्ली नावाचे तळे होते. मुलाचा जीव नांगरापेक्षा त्या तळ्यात आणि होड्यांत अधिक गुंतलेला. त्याने चोरून बांधायला घेतलेली पहिली होडी वडिलांनी जाळून टाकली, तरीही त्याने दुसरी बांधलीच, अशी गोष्ट त्याच्याविषयी सांगितली जाते. वडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. पोटाची भ्रांत असलेल्या शेतकऱ्याला मुलाची होडी म्हणजे वाया गेलेले लाकूड आणि वाया गेलेला दिवस, असेच वाटणार.

सोळाव्या वर्षी ओल घर सोडून मॅडिसन शहरात गेला आणि शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. पुढे पिट्सबर्ग आणि शिकागो येथल्या कारखान्यांत त्याने काम केले. अखेर तो मिलवॉकीला आला आणि ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे बनवणारा कारागीर म्हणून एका मोठ्या यंत्रकारखान्यात लागला. हे काम वाटते तितके सोपे नाही. धातू थंड होताना किती आकसेल याचा हिशेब साच्यात आधीच धरावा लागतो. नकाशा वाचता आला पाहिजे, गणित आले पाहिजे. ओल दिवसभर कारखान्यात राबे आणि रात्री पुस्तके घेऊन बीजगणित व यंत्रशास्त्र शिकत बसे. सुटलेली शाळा त्याने अशी रात्रीच्या वेळी भरून काढली. जे त्याचा दाखला देतात ते नेमक्या या रात्री विसरतात.

पुढे त्याने भागीदारीत स्वतःची कार्यशाळा काढली. इंजिने बनवण्याचे त्याचे वेड मोठे. पण धंद्याचा हिशेब आणि पत्रव्यवहार म्हटला की त्याचे हात गळत. याच काळात शेजारी राहणाऱ्या बेस कॅरी या तरुणीशी त्याची ओळख झाली. ती व्यापारी शिक्षण घेत होती. तिने ओलची पत्रे लिहून द्यायला सुरुवात केली आणि हळूहळू कार्यशाळेचा कागदोपत्री कारभार तिच्याकडे आला. 1906 साली दोघांनी लग्न केले.

आउटबोर्ड मोटरच्या जन्माची जी कथा नेहमी सांगतात ती याच सुमाराची आहे. मिलवॉकीजवळच्या ओकाउची तळ्याकाठी मंडळी सहलीला गेली होती. बेसला आइस्क्रीम खावेसे वाटले. दुकान तळ्याच्या पलीकडच्या काठाला. ओल वल्ही मारत निघाला, आइस्क्रीम घेतले आणि परत येईपर्यंत ऊन आणि अंतर यांनी त्याचे पाणी करून टाकले. वल्ही मारून दमलेल्या ओलच्या मनात तेव्हा होडीला इंजिन लावण्याचा विचार आला, असे म्हणतात. कथा गोड आहे. पण विचार येणे आणि यंत्र चालणे यांच्यामध्ये जवळजवळ तीन वर्षे गेली, हेही तिच्यासोबत सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. होडीला मागून मोटर लावणारा ओल पहिला नव्हे. पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे याने 1881 साली सेन नदीवर विजेच्या मोटरने होडी चालवून दाखवली होती. अमेरिकेतच कॅमेरॉन वॉटरमन या येल विद्यापीठात शिकलेल्या वकिलाने ओलच्या आधी पेट्रोलवर चालणारी अशी मोटर बनवली, 1907 साली तिचे पेटंट मिळवले आणि ती बाजारात विकलीही. मग एव्हिनरूडचे नाव का राहिले? कारण त्याची मोटर साध्या माणसाच्या भरवशाची होती. मासे धरायला जाणाऱ्या माणसाने ती खांद्यावर टाकून न्यावी, होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळावी आणि चक्र फिरवून सुरू करावी, इतकी ती सुटसुटीत होती.

ती रचना समजून घेण्यासारखी आहे. वरती एकच आडवे सिलिंडर, त्याला जोडून उभा दांडा, दांड्याच्या खालच्या टोकाला काटकोनात फिरणारे दातेरी चक्र आणि त्याने फिरणारा पंखा. संपूर्ण मोटर वळवली की होडी वळे. वेगळ्या सुकाणूची गरज नाही. ताकद दीड अश्वशक्ती, वजन 62 पौंड, म्हणजे सुमारे 28 किलो, आणि किंमत 62 डॉलर. पहिला नमुना पाहून बेसला तो कॉफी दळायच्या यंत्रासारखा वाटला, असे सांगतात. 1909 साली ओलने एका मित्राला मोटर वापरायला दिली. तो तळ्यावरून परतला तो दहा मोटरींची मागणी आणि पैसे घेऊनच. 1911 साली ओलला पेटंट मिळाले.

पण मित्राच्या दहा मागण्यांवर कारखाना चालत नाही. येथे बेसचे काम सुरू होते. तिने जाहिरात लिहिली. वल्ही मारण्याचे कष्ट सोडा, ती फेकून द्या आणि आमची मोटर लावा, अशा आशयाचा तो मजकूर होता. त्यात यंत्राचे एकही कठीण नाव नव्हते. माणसाच्या दुखणाऱ्या हातांविषयी तो बोलत होता. जाहिरात छापून आल्यावर पत्रांचा पाऊस पडला. न्यूयॉर्कच्या एका डॅनिश निर्यातदारामार्फत परदेशांतल्या मच्छीमारांच्या मागण्याही आल्या. घरात लहान मूल, कारखान्यात पत्रांचा ढीग आणि हिशेबाच्या वह्या, हे सारे बेस सांभाळत होती. इंजिनावर नाव एकट्या एव्हिनरूडचे आहे. पण त्या नावात दोन माणसे आहेत हे विसरता कामा नये.

या श्रमांची किंमत बेसच्या प्रकृतीने मोजली. ती खचली तेव्हा ओलने फार मोठा निर्णय घेतला. भरभराटीत असलेल्या कंपनीतला आपला हिस्सा त्याने ख्रिस मेयर या भागीदाराला विकून टाकला आणि पाच वर्षे या धंद्यात न उतरण्याचे कबूल केले. कारखान्याच्या दारावर आपले नाव तसेच ठेवून तो पत्नीला आणि मुलाला घेऊन प्रवासाला निघाला. पैशापुढे माणूस विसरल्याच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचतो. ही गोष्ट उलटी आहे.

मात्र ओलचे डोके स्वस्थ बसणारे नव्हते. आपल्याच मोटरीतला दोष त्याला टोचत होता. ती जड होती. लहान होडीच्या बाबतीत वजन हा मोठा शत्रू, आणि तेही अगदी मागच्या टोकाला लटकलेले वजन. ओलने लोखंड व पितळ यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा भरपूर वापर करून दोन सिलिंडरांची नवी मोटर आखली. ताकद तीन अश्वशक्ती, म्हणजे पहिलीच्या दुप्पट. वजन मात्र 48 पौंड, म्हणजे जेमतेम 22 किलो. हा आराखडा त्याने प्रथम जुन्या भागीदाराला दाखवला. त्याने तो नाकारला. तेव्हा ओल आणि बेस यांनी 1921 साली नवी कंपनी काढली. स्वतःचे नाव आता दुसऱ्याच्या मालकीचे झालेले. म्हणून नव्या मोटरीच्या इंग्रजी वर्णनातली आद्याक्षरे घेऊन तिचे नाव एल्टो ठेवले. चव्वेचाळिसाव्या वर्षी आपल्याच नावाशी स्पर्धा करायला उभा राहिलेला हा माणूस!

लवकरच जॉन्सन बंधूंनी आणखी हलकी, 35 पौंडांची मोटर बाजारात आणली. स्पर्धा वाढली, तशी इंजिने वेगवान होत गेली. आणि येथेच एक नवा प्रश्न उभा राहिला, जो आजही प्रत्येक लहान होडीवाल्याला छळतो. मोटर मागे, पेट्रोलची टाकी मागे आणि चालवणारा माणूसही मागेच बसलेला. पंखा पाण्याखालून पुढे रेटतो. वेग वाढवला की होडीचे मागचे अंग पाण्यात बसते आणि पुढची नाळ वर उचलली जाते. चालवणाऱ्याला समोरचे दिसत नाही. होडी आपणच उठवलेल्या लाटेची चढण चढत राहते आणि पेट्रोल मात्र जळत राहते. दीड अश्वशक्तीच्या मोटरने होडी इतकी सावकाश जाई की हा प्रश्न फारसा जाणवत नसे. वेगाचे यशच हे दुखणे घेऊन आले.

यावर पुढच्या काळात जे उपाय निघाले त्यांतला एक म्हणजे मोटरीला लावायचे जलपंख, म्हणजेच हायड्रोफॉइल स्टॅबिलायझर. पंख्याच्या वर मोटरीला एक आडवी पट्टी असते. वरची हवा खाली ओढली जाऊन पंखा पाण्यातली पकड सोडू नये, हे तिचे काम. त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे प्लॅस्टिकचे किंवा धातूचे पंख बोल्टने आवळतात. विमानाच्या पंखाला हवा जसे उचलते तसे या पंखांना वाहते पाणी उचलते. होडीचे मागचे अंग वर येते, नाळ खाली बसते आणि कमी वेगातही होडी पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरू लागते. नाळेचे सतत खाली-वर आपटणेही कमी होते.

पण हा उपाय रामबाण नाही. पंख कायम पाण्यात बुडालेले राहिले तर तेच ओढ निर्माण करतात आणि सर्वाधिक वेग घटतो. काही पंखांसाठी मोटरीच्या पट्टीला भोके पाडावी लागतात, आणि पाडलेले भोक पुन्हा बुजत नाही. म्हणून जाणकार आधी बिनखर्चाचे उपाय करतात. टाकी आणि सामान पुढे सरकवावे. मोटरीचा कल ठरवणारी खीळ योग्य भोकात घालावी. मोटर अशा उंचीवर बसवावी की ती आडवी पट्टी होडीच्या तळाच्या साधारण रेषेत येईल. एवढे करूनही नाळ वर राहिली, तरच पंख लावावेत. नाळ का उचलली जाते हे ज्याला कळले त्याला पंखांचा उपयोग होतो. ज्याला कळले नाही तो नुसतीच भोके पाडतो.

ओलच्या आयुष्याचा शेवट दुःखाचा झाला. 1929 साली एल्टो, जुनी एव्हिनरूड कंपनी आणि आणखी एक कंपनी एकत्र आल्या व ओल त्या नव्या संस्थेचा अध्यक्ष झाला. गेलेले नाव असे परत मिळाले. पण त्याच वर्षी महामंदी आली. 1933 च्या मे महिन्यात बेस वारली. त्यानंतर चौदा महिन्यांनी, जुलै 1934 मध्ये, ओलनेही जगाचा निरोप घेतला. तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. मुलगा राल्फ याने कारभार पुढे नेला. एव्हिनरूड नावाच्या मोटरी त्यानंतर अनेक दशके जगभर विकल्या गेल्या आणि 2020 साली त्यांचे उत्पादन बंद झाले. पण होडीच्या फळीला मोटर अडकवण्याची ती रीत कायम आहे. आपल्या कोकणच्या खाड्यांत लहान होड्यांच्या मागे ज्या मोटरी दिसतात, त्यांच्यावर नावे वेगळी असली तरी रचना त्याच घराण्यातली आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. ओल एव्हिनरूड कॉलेजात गेला नाही हे खरे. पण तो शिकला नाही हे मात्र साफ खोटे. त्याची शाळा सुटली ती गरिबीने, हौसेने नव्हे. जे दिवसा मिळाले नाही ते त्याने रात्री मिळवले. जे त्याला जमले नाही ते बेसने शिकून घेतले होते. उभ्या दांड्याची फिरकी आडव्या पंख्यापर्यंत नेणारे दातेरी चक्र नुसत्या मनगटाच्या जोरावर आखता येत नाही.

मित्रहो, आपल्याला दिवसाउजेडी वर्गात बसायला मिळते. ग्रंथालयाचे दार उघडे असते, अडले तर विचारायला प्राध्यापक असतात. त्यासाठी घरी कुणीतरी दोन माणसांचे काम एकट्याने ओढत असते. शिकून काय होणार, हा त्या थकलेल्या माणसाचा प्रश्न रागावण्यासारखा नाही. पण त्याला उत्तर म्हणून पदवीचा कागद पुरणार नाही. आपण जे वाचतो त्यातले निदान काही घरच्या वल्ह्यापर्यंत, नांगरापर्यंत, चुलीपर्यंत पोहोचले, तर ते उत्तर आपोआप मिळेल.

(द्वितीय वर्ष, कला)