थेंबातील सृष्टी पाहणारा कापड व्यापारी

सूक्ष्मजीवशास्त्राचे जनक म्हणून जग ज्यांना ओळखते, त्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी विद्यापीठाची पायरी कधीही चढली नव्हती. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे २४ ऑक्टोबर १६३२ रोजी टोपल्या विणणाऱ्या कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. पुढे ॲमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे त्यांनी उमेदवारी केली आणि १६५४ मध्ये गावी परतून स्वतःचे दुकान थाटले. पाच अपत्यांपैकी मारिया ही एकच कन्या जगली. १६६६ मध्ये पत्नी बार्बाराही निवर्तली.

त्या काळी कापडाचा पोत तपासण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत. लेव्हेनहूक यांना या भिंगाचाच छंद जडला. नगरशासनातील नोकरी सांभाळून फावल्या वेळात ते काचेची इवलीशी भिंगे घडवू लागले. धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये बसविलेले एकच भिंग, समोर टोकदार खिळा आणि तो पुढेमागे सरकविणारा स्क्रू, एवढेच त्यांचे उपकरण. ते डोळ्याशी धरून उजेडाकडे पाहावे लागे. त्यांच्या उपलब्ध सूक्ष्मदर्शकांपैकी एकातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसते.

१६७३ पासून त्यांनी आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविण्यास आरंभ केला. लॅटिन येत नसल्याने पत्रे मातृभाषेत, डचमध्येच लिहिली. १६७४ मध्ये गावाजवळच्या तळ्याचे पाणी तपासताना त्यांना त्यात हालचाल करणारे जीव दिसले. पुढे मिरे भिजत घातलेल्या पाण्यात तर त्याहूनही सूक्ष्म जीव आढळले. १६७६ च्या पत्रातील हे वर्णन वाचून लंडनचे विद्वान साशंक झाले. एका दुकानदाराच्या शब्दावर विश्वास कसा ठेवावा? लेव्हेनहूक यांनी धर्मोपदेशकांसह प्रतिष्ठित नागरिकांना ते जीव दाखवून त्यांच्या लेखी साक्षी पाठविल्या. अखेर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी स्वतः ते जीव पाहिले आणि संशय फिटला. १६८० मध्ये सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १६८३ मध्ये त्यांनी दातांवरील किटणात वळवळणाऱ्या जीवांचेही वर्णन कळविले.

मात्र आपली सर्वोत्तम भिंगे त्यांनी कोणालाही हाताळू दिली नाहीत आणि निरीक्षणाची खास पद्धतही उघड केली नाही. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सोसायटीला त्यांनी चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक ठेवले होते. तेही कालांतराने गहाळ झाले. त्यांच्या तोडीची निरीक्षणे करणारा त्यानंतर दीर्घकाळ कोणी निघाला नाही. त्या चिमुकल्या जीवांचा रोगांशी असलेला संबंध सिद्ध होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.